पितळेची जीभ

१२ जानेवारी

बाबू,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडते. तू पाठवलेली नळी काल लावून बघितली. एक टोक गळ्याच्या भोकाला, दुसरं तोंडात आणि मधे तुझी ती पितळेची डबी. श्वास सोडला मात्र, अशी काही शिट्टी वाजली की तुझे भावोजी आतून ओरडले, "अगं, किटली उतरव, पाणी उकळलं!" हसून हसून पुरेवाट झाली. माझं हसणं म्हणजे आता नुसते खांदे हलतात आणि गळ्यातून फुसफुस होते. गाठ काढताना डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून घेतली, त्याला दोन वर्षं होतील. तरी हसताना मी अजून माझ्या आवाजाची वाट बघते.

आता खरं सांगते. यांच्या डोळ्यांचं काही खरं नाही. घड्याळजी माणूस. जन्मभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या कमानी बसवल्या, आणि आता दोन्ही डोळे विझत चाललेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, उन्हाळा संपेपर्यंत उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ. मी पाटीवर लिहायचं आणि यांनी वाचायचं, असा आमचा संसार चाललाय. हल्ली पाटी नाकाला लावून वाचतात. मग नाकाच्या शेंड्याला खडू लागतो, तो मी पदराने पुसते.

मला हसू येतं आणि भीतीही वाटते. मुकी बायको आणि आंधळा नवरा. मग आमच्यात काय उरेल रे? लोक म्हणतात, बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा माणूस गळा काय करणार. लोकांना बोलू दे, त्यांना बोलता येतं. तू उन्हाळ्याच्या आत काहीतरी कर.

आशीर्वाद आहेतच.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

लांबूनच पाया पडतो. जवळ आलो असतो तर कान धरला असतास.

शिट्टीचं कारण सापडलं. बाजाच्या पेटीत पितळी पत्ती असते ना, जिला आम्ही जीभ म्हणतो, ती मी फार आखूड घेतली होती. शिवाय पेटीचा भाता कोरडी हवा देतो आणि माणसाचा श्वास ओला असतो. पत्तीवर थेंब बसला की ती बिथरते. इतकी साधी गोष्ट, पण आधी सुचली नाही. या वेळी लांब, पातळ पत्ती घेतली आहे आणि डबीला तिरकी उतरण दिली आहे, म्हणजे पाणी ओघळून जाईल.

शेजारचा सुतार रोज डोकावतो आणि विचारतो, "काय मास्तर, बोलली का भुताटकी?" मी हसतो. पण तो गेल्यावर बाकावर नुसता बसून राहतो. फेकलेल्या पत्त्यांनी डबा भरलाय. माझ्याआधी कुणी हे केलेलं नाही, निदान मला तरी माहीत नाही, त्यामुळे चुकतंय कुठे हे विचारायलाही माणूस नाही. कधी वाटतं, सुताराचं खरं असेल.

पण काळजी करू नकोस. पत्ती मी तुझ्या आवाजावरच लावतोय. तो माझ्या कानात पक्का आहे.

सोबत दुसरी नळी. भावोजींना नमस्कार.

बाबू


२६ फेब्रुवारी

बाबू,

घाबरू नकोस, मी बरी आहे. हे आधी वाच आणि मग पुढचं.

तुझी दुसरी नळी चांगली चालली. शिट्टी नाही, बेडकासारखा का होईना, आवाज निघाला. मी "अहो" म्हटलं. यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मी परत म्हणायला गेले, जोरात श्वास घेतला, तेवढ्यात कट्कन काहीतरी तुटलं आणि ती पातळ जीभ श्वासाबरोबर आत गेली. भोकातून सरळ छातीत. पुढचं मला नीट आठवत नाही. हे दार उघडून रस्त्यावर ओरडत होते एवढं आठवतं. डॉक्टरांनी लांब चिमटा घालून ती काढली.

डॉक्टरांनी मला मुलीसारखं झापलं. म्हणाले, कोण तो तुमचा भाऊ, त्याला सांगा, माणसाचा गळा म्हणजे खेळणं नाही. मला उत्तर देता येईना. पाटी घरी राहिली होती.

तर पुढची कधी पाठवतोस?

ताई


३ मार्च

ताई,

पुढची नाही. बास झालं.

तुझं पत्र आल्यापासून कानस हातात धरवत नाही. तू लिहितेस, कट्कन तुटलं. तो आवाज मी न ऐकताही ऐकतोय. जेवताना ऐकतो, दाढी करताना ऐकतो. मी तुला मारलं असतं. माझ्याच हातांनी घासलेल्या पितळेनं.

आणि एक खोटं बोललो, तेही सांगून टाकतो. तुझा आवाज मला आठवत नाही. दोन वर्षं झाली, आणि त्याआधीही आपण किती भेटायचो? मी डोळे मिटून बसतो, तुझं तोंड दिसतं, तू काय बोलायचीस तेही आठवतं, पण आवाज येत नाही. पत्ती घासतो आणि ती कशाशी जुळवायची तेच कळत नाही. भावानं बहिणीचा आवाज विसरावा, यापरीस काय वाईट असेल?

मला क्षमा कर आणि सोडून दे.

बाबू


१० मार्च

बाबू,

सोडून दे म्हणे! तू लहानपणापासून असाच. पतंग एकदा झाडाला अडकला की परत म्हणून उडवायचा नाहीस.

आठवत नाही तर नाही. मलाच कुठे आठवतो? स्वतःचा आवाज कुणी ऐकून ठेवतं का? मला बेडकाचा चालेल, कावळ्याचा चालेल. आवाज हवा, एवढंच.

तुटण्यावर उपाय मला सुचलाय. चहाच्या गाळण्याची जाळी असते ना, तसली बारीक जाळी डबीच्या गळ्याकडच्या तोंडाला लाव. जीभ तुटली तरी जाळीत अडकेल, चहाच्या पत्तीसारखी. एवढ्या मोठ्या कारागिराला हे सुचू नये आणि चहा गाळणाऱ्या बाईला सुचावं, म्हणून हसते आहे.

आता तू म्हणशील, हातावर बोटानं लिही. ते करून झालं. हत्यारं धरून धरून यांच्या तळहाताला घट्टे पडलेत. मी एक लिहिते, हे भलतंच वाचतात, मग दोघंही चिडतो. आणि समजा जमलं, तरी त्यासाठी हातात हात हवा. दुसऱ्या खोलीतून हाक कशी मारू, ते सांग.

वाट बघते आहे.

ताई


२ एप्रिल

ताई,

नमस्कार. जाळीची कल्पना उत्तम, लावली. बाकी विशेष नाही. इकडे ऊन फार. चांगलं पितळ मिळत नाही सध्या, त्यामुळे काम थांबलंय. भात्याचं चामडंही फाटलं आहे. मिळालं की बघू. भावोजींना जप.

बाबू


२० एप्रिल

बाबू,

पितळ मिळत नाही? तुझ्या दुकानात पाय ठेवला तर पितळ टोचतं. तू खोटं बोलायला लागलास की तुझी वाक्यं आखूड होतात. शाळेत मार खाऊन आलास की असाच बोलायचास. ऊन फार, बाकी विशेष नाही.

मी म्हटलं, जमत नसेल म्हणून लाजतोय, लाजू दे. पण परवा काय झालं ते ऐक. हे आता घरात भिंत चाचपत चालतात. मी स्वयंपाकघरात होते. बघते तर हे बाहेरच्या खोलीतून जिन्याकडे निघालेले, समजत होते की खिडकीकडे चाललो. पुढे जिना, दार सताड उघडं. मी ओरडले. बाबू, मी अक्षरशः ओरडले, सगळा जीव एकवटून, आणि गळ्यातून फक्त वारा गेला. पाय आपटला, ताट फेकलं. ताटाचा आवाज ऐकून हे थांबले आणि हसून म्हणाले, "काय गं, रागावलीस?" पुढचा पाय हवेत होता.

तेव्हापासून मी त्यांच्या मागे मागे फिरते. त्यांना ते आवडत नाही. पाटी आता संपली, मी लिहिलेलं त्यांना दिसत नाही. दिवसभर तेच बोलतात, मी ऐकते. काल म्हणाले, "तू आहेस ना खोलीत?" मी तिथेच होते.

काय लपवतोयस? खरं सांग. बिघडलं असेल तर बिघडलं म्हण.

ताई


१ मे

ताई,

बिघडलं नाही. झालं. मार्चच्या शेवटीच झालं. जाळी आहे, पत्ती जाड आहे, तुटणार नाही. ओली झाली तरी सूर सोडत नाही. मी ती तुला देऊ शकत नाही.

तू मला वेडा म्हणशील. म्हण.

डबी भात्याला जोडली, भात्यावर वजन ठेवलं आणि पुढे चामड्याचं नरसाळं लावलं. नरसाळ्यावर तळहात ठेवून उघडझाप केली की थोडेफार शब्द निघतात, हे मला आधीपासून माहीत होतं. तिन्हीसांजेची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. सहज गंमत म्हणून स्वतःचंच नाव काढलं. तळहात मिटला, उघडला, मिटला, अर्धा उघडला.

"बाऽबू."

ताई, ती आई होती.

आईसारखं नव्हे. आईच. सुरुवातीला ती बारीक खरखर, मग वर चढत गेलेला "बा" आणि शेवट थोडासा वैतागलेला. मी खाली अंगणात खेळायचो आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाक मारायची, तीच हाक. माझे पाय आपोआप दाराकडे वळले. हे मी थट्टेनं लिहीत नाही, खरंच वळले. या वयात.

भात्यावर वजन तसंच राहिलं होतं. मी दारापाशी होतो, हात कशालाच नव्हता, आणि मागून परत आवाज आला, बारीक, लांबलेला, "आऽ". भाता आपोआप बसत होता, बाकी काही नाही. मला ते कळतं, माझा धंदाच तो आहे. तरी मी रात्रभर दिवा ठेवला. दुसऱ्या दिवशी डबी कपाटात घालून कुलूप लावलं. आता दुकानात कपाटाकडे पाठ करून बसता येत नाही. बाकच फिरवून घेतला. सुतार विचारतो, तोंड भिंतीकडे करून काय बसता.

आणखी एक सांगतो, जे कुणालाच सांगितलेलं नाही. आई गेली तेव्हा मी लहान होतो, मला सांगितलं होतं की ती बरी व्हायला गेली. मग मलाही तोच ताप आला. मी औषध थुंकायचो, दूध प्यायचो नाही. तेव्हा दुपारी बंद दाराच्या पलीकडून आई बोलायची. "बाबू, दार उघडू नकोस हं, मला अजून ताप आहे. औषध घे. मी इथेच ऐकतेय." मी घ्यायचो. पुष्कळ दिवस आली ती. नंतर कळलं की तेव्हा तिला जाऊन महिना झाला होता. ती मेल्यावरही माझ्यासाठी आली, या एका गोष्टीवर मी आजवर जगलोय, ताई. माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही.

आणि ती आता तुझ्या गळ्यात घालू? रोज तिनं विचारावं, भाजीत मीठ पडलं का? मी दुसरी करतो. थांब थोडी.

बाबू


९ मे

बाबू,

तुझं पत्र घेऊन मी बसून राहिले. हे विचारत होते, कुणाचं पत्र, काय लिहिलंय. मला सांगता येत नव्हतं, याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

दुसरी होणार असती तर मी थांबले असते. पण वर्षभरात तुझी एकच झाली, आणि इकडे माझ्याकडे वर्ष नाही. म्हणून लिहिते. वाचून झाल्यावर मला शिव्या दे.

ते दार बाहेरून बंद होतं. कडी मी लावली होती.

तू औषध घेत नव्हतास. डॉक्टर म्हणाले होते, हाही जाईल. बाबा कोपऱ्यात तोंड लपवून बसले होते. मी तरी केवढी होते, अजून परकर नेसत होते. मला आईची नक्कल करता यायची, आई असताना मी तिलाच करून दाखवायची आणि ती हसून मारायला धावायची. घसा आवळला की तिची खरखर यायची. दाराशी बसून मी म्हटलं, "बाबू, दार उघडू नकोस हं." आत वाटीचा आवाज झाला. तू औषध प्यालास. मग मी रोज बसायची. तू बरा झालास आणि आपोआप विचारायचा बंद झालास.

जिन्यावरची हाकसुद्धा, बाळा. आई गेली तेव्हा तू इतका लहान होतास की तुला एकट्याला अंगणात कुणी सोडत नसे. खेळायला खाली जायला लागलास ते नंतर. हाक मी मारायची. ती आईसारखी मारली की तू लगेच वर यायचास, माझ्यासारखी मारली की येत नसायचास. म्हणून तशीच मारत राहिले.

तेव्हा तुझ्या कपाटात कोण आहे ते समजून घे. तुझ्या कानात माझा आवाज नाही म्हणालास ना? होता. तू त्याला आई म्हणत होतास.

हे मी मरेपर्यंत सांगणार नव्हते. तुझ्याकडून काय काढून घेते आहे ते मला कळतंय. पण यांचा पाय हवेत होता, बाबू. पाठवून दे.

ताई


२८ मे

ताई,

डबी सोबत आहे. तुझी आहे, ठेव.

आई दोनदा जाते हे मला माहीत नव्हतं. रागावलो नाही. मला जगवलंस, त्याबद्दल कुणी रागावतं का? पण काही दिवस मला लिहू नकोस.

कपाट उघडून त्यात खिळे ठेवले. बाक परत पहिल्यासारखा केला.

जाळी आठवड्याला धुवायची. पत्तीला सुरुवातीला एक खरखर आहे, तिथे कानशीचा कंगोरा राहिलाय. एक हात मारला तर ती जाईल. मला मारवला नाही. तिकडे कुणाकडून तरी मारून घे.

बाबू


२५ जून

बाबू,

लिहू नकोस म्हणालास, म्हणून इतके दिवस दम धरला. आता धरवत नाही.

तुझं पार्सल आलं त्याच आठवड्यात यांचा उरलासुरला उजेडही गेला. मी लगेच नळी लावली नाही. भीती वाटत होती. हे खिडकीशी बसून हातानं एक जुनं घड्याळ उघडत होते, सवयीनं. मी दाराआड उभी राहिले. हो, दाराआडच. आणि म्हटलं, "अहो."

यांचे हात थांबले. मग मान वळवून म्हणाले, "कोण आलंय?"

मी परत म्हटलं, "अहो, मी."

"मी कोण? बाई, आमची मंडळी आत आहेत, त्यांना बोलता येत नाही. बसा."

बाबू, मी जवळ जाऊन त्यांचा हात माझ्या गळ्यावर ठेवला, नळीवर ठेवला, परत बोलले. त्यांनी सगळं चाचपलं. मग हळूच म्हणाले, "हा तुझा आवाज नाही गं. तुझा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. हा कुणातरी मोठ्या बाईचा आहे."

मग मला राग आला. इतकं सगळं सोसून, भावाची आई हिसकावून आणलेला आवाज, आणि म्हणे तुझा नाही! मी सुटलेच. म्हटलं, आणि गादीवर स्क्रू कुणी सांडलेत? मला रात्री टोचतात ते कुणी उचलायचे? दोन वर्षं पाटीवर लिहून लिहून बोटं झिजली, तेव्हा निदान आता तरी ते घड्याळ खाली ठेवा आणि ऐका! हे हसायला लागले. मग रडायला लागले. माझा हात धरून म्हणाले, "आवाज कुणाचाही असू दे, बोलणं तुझंच आहे. बोल, आणखी बोल." मी त्या दिवशी इतकं बोलले, दाराआडच्या आईची गोष्टसुद्धा सांगितली, की नळी दोनदा धुवावी लागली. आता हे लोकांना सांगतात, सासूबाईंना मी कधी बघितलं नव्हतं, आता त्यांच्याशीच संसार चाललाय.

हे मी गमतीनं लिहायला घेतलं होतं. पण मग एकटी असताना मी आरशासमोर बसले आणि तुझं नाव घेतलं. बाबू, मलाही ऐकू आलं. मी तुला सांगितलं की तो आवाज माझा आहे. मी चुकले रे. माझा आवाज ज्यानं जन्मभर ऐकला, तोच सांगतोय की हा माझा नाही. मी दाराशी बसून तिचा आवाज काढत होते, माझा नव्हे. तो तू कानात जपून ठेवलास आणि पितळेतून परत काढलास. दोघांनी मिळून ठेवला आपण तो. तुझी आई मी काढून घेतली नाही. तिला ती खरखर होती ना? कंगोरा तसाच ठेवलाय, कुणाला हात लावू देणार नाही.

डॉक्टरांना दाखवली. त्यांच्याकडे असाच गळा गेलेला एक माणूस येतो, त्यालाही हवी आहे. ज्यांनी मला झापलं, तेच विचारत होते, कोण तो तुमचा भाऊ. या वेळी मला सांगता आलं.

तू ये. कामं टाक आणि ये. तिन्हीसांजेला पोच, आणि आलास की लगेच वर येऊ नकोस. खाली जिन्याशी उभा राहा. दार बंद असेल, कडी मी लावलेली असेल. मी हाक मारीन.

ताई